बिनदोरीचे बोलणे

काही वस्तूंची नावे त्यांच्यात काय आहे यावरून पडत नाहीत. काय नाही यावरून पडतात. निर्धूर चूल, बिनतारी संदेश, बिनबियांची द्राक्षे ही नावे या जातीची होत. अशा नावात एक मौज असते. जी गोष्ट गेली, तिची आठवण ते नावच जपून ठेवते. चुलीतला धूर गेला तरी तिच्या नावात तो राहतोच. कॉर्डलेस टेलिफोनचेही तसेच आहे. त्याची दोरी गेली. पण दोरीचे नाव घेतल्यावाचून त्याला हाक मारता येत नाही. ‘दूरध्वनी’ हा शब्द सावरकरांनी मराठीला दिला आणि तो कागदोपत्री चांगला रुळला. मात्र दूरध्वनीच्या या धाकट्या भावाचे बारसे करण्याच्या भानगडीत कोणी पडले नाही. आमच्या बारामतीत तो ‘कॉर्डलेस’ म्हणूनच आला, आणि बहुतेक घरांतून ‘कॉर्डलेस’ म्हणूनच माळ्यावर गेला.

येथे दोरी म्हणजे कोणती, हे आधी नीट पाहिले पाहिजे. खांबावरून घरात येणारी टेलिफोनची तार ती ही नव्हे. ती कॉर्डलेसलाही लागतेच. यंत्राच्या पेटीपासून कानाला लावायच्या रिसीव्हरपर्यंत जी वेटोळ्यांची वायर असते, ती ही दोरी. ताणून ताणून दोन-तीन हात लांब व्हायची. जगाशी आपला संबंध जोडणारी तार शेकडो कोसांची, आणि या शेवटच्या दोन-तीन हातांनी माणूस मात्र एका कोपऱ्याला जखडलेला! खुंट्याला बांधलेल्या गाईचे रान तिच्या दाव्याएवढेच असते. टेलिफोनवर बोलणाऱ्याचे घरही त्याप्रमाणे त्या दोरीएवढेच असे. या क्षुल्लक दोरीने आमच्या मध्यमवर्गीय घरांतील बोलण्याला केवढे वळण लावून ठेवले होते, ते ती गेल्यावरच ध्यानात आले. त्याचीच हकीकत मला येथे सांगायची आहे.

मुंबईला टेलिफोन १८८२ साली आला. ग्रॅहॅम बेलला अमेरिकेत त्याचे पेटंट मिळून तेव्हा जेमतेम सहा वर्षे झाली होती. पण मुंबईहून तालुक्याच्या गावातील साध्या घरापर्यंत यायला त्याला आणखी शंभर वर्षे लागली. १९८४ साली स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी संस्थेने वातानुकूलित खोलीवाचून, धुळीत आणि उन्हात चालणारी लहान टेलिफोन केंद्रे तयार केली, तेव्हा कोठे आडबाजूच्या गावांतून घंटी वाजू लागली. तोपर्यंत अर्ज करून वर्षानुवर्षे वाट पाहायची, आणि दरम्यान शेजाऱ्याचा क्रमांक आपल्या कार्डावर छापून पुढे ‘पी.पी.’ ही दोन अक्षरे घालायची, हा सर्वमान्य शिरस्ता होता. ज्याच्या घरी फोन असे, त्याच्या दाराशी शेजारच्या चार घरांची सुखदुःखे चपला काढून उभी राहत.

आमच्याकडे टेलिफोन आला तो १९९१ साली. तो सोप्यात, दरवाजाजवळच्या चौरंगावर विराजमान झाला. आईने त्याला क्रोशाचे झाकण विणले. शेजारी क्रमांकांची वही, वहीला दोऱ्याने बांधलेली पेन्सिल. सोप्याखेरीज दुसरी जागा कोणाला सुचलीच नाही, कारण टेलिफोन ही घराची वस्तू होती. एका कोणाची नव्हती. देव्हारा जसा घराचा, तसा तोही घराचा. आणि जी वस्तू घराची, तिच्यावरचे बोलणेही घराचे, हे त्यातून आपोआपच आले.

सोप्यात आप्पा वर्तमानपत्र वाचीत असत. आई वाती वळीत बसे. दादा हिशेब लिही. मी अभ्यास करी, किंवा करीत असल्यासारखे दाखवी. कोणी कोणाचे ऐकत नसे. पण ऐकू मात्र सर्वांना सगळे येई. ऐकणे आणि ऐकू येणे यांत फरक आहे खरा; पण तो फरक ऐकणाऱ्याच्या बाजूचा झाला. बोलणाऱ्याला त्याचा काय उपयोग? त्यामुळे टेलिफोनवर बोलण्याची एक निराळीच भाषा घरोघर तयार झाली होती. ‘हो.’ ‘बरं.’ ‘नाही, तसं काही नाही.’ ‘बघते.’ ‘मग सांगते.’ या पाचसहा शब्दांत माणसे वर्षेच्या वर्षे बोलत. पलीकडच्या माणसाला जे सांगायचे ते या शब्दांच्या चढउतारांत लपवायचे, आणि त्यानेही ते तिकडे उकलून घ्यायचे. पुरुषांची कामे उघड बोलण्याजोगी असत. उसाचा भाव, गाडीची वेळ, कोर्टाची तारीख हे विषय खड्या आवाजात सांगण्यात कसली अडचण? ही पाच शब्दांची भाषा बहुतकरून बायकांची होती. आणि त्यांतही सुनांची.

माझ्या वहिनींचे माहेर इंदापूर तालुक्यातले. बारामती आणि इंदापूर ही दोन गावे एकमेकांपासून पन्नासएक किलोमीटरवर. टेलिफोन खात्याने त्यांना दिलेले क्रमांकही सख्ख्या शेजाऱ्यांचे आहेत : इंदापूरचा ०२१११ आणि बारामतीचा ०२११२. शेवटच्या एका आकड्याचा काय तो फरक. परंतु या एका आकड्यात पुष्कळ काही येते. एकोणिसाव्या शतकात काढलेला नीरा डावा कालवा आधी बारामतीच्या रानांतून जातो आणि मग इंदापूरकडे वळतो. त्याच्या शेवटाला इकडे सगळेजण ‘टेल’ म्हणतात. टेलच्या शेतकऱ्याचे आयुष्य वाट पाहण्यात जाते. वरच्यांच्या पाळ्या होऊन जे पाणी उरेल ते त्याचे. आणि ज्या वर्षी उरत नाही त्या वर्षी उभा ऊस डोळ्यांदेखत वाळतो. वहिनींच्या वडिलांची जमीन अशी टेलला होती. इंदापुरास बाजाराला आले म्हणजे ते एस.टी.डी.च्या टपरीतून मुलीला फोन करीत. समोर पैशांचे आकडे तांबड्या अक्षरांत पळत असायचे, मागे रांग उभी असायची, आणि इकडे वहिनी सोप्यात आम्हा सर्वांदेखत उभ्या असायच्या. ‘हो. बरं. आई कशी आहे? बरं. बघते.’ एवढे बोलून त्या रिसीव्हर ठेवीत, क्रोशाचे झाकण सारखे करीत आणि आत जात. त्या कधी बसून बोलल्याचे मला आठवत नाही.

२००१ साली दादाने पुण्याच्या तपकीर गल्लीतून कॉर्डलेस आणला. त्याची स्थापना हा आमच्या घरात एक लहानसा समारंभच झाला. यंत्राचे दोन भाग असतात. एक बैठक, जिला सगळे ‘बेस’ म्हणतात, आणि दुसरा हातात घेऊन हिंडायचा संच. बेसला दोन वायरी : एक भिंतीतल्या टेलिफोनच्या खाचेत, दुसरी विजेच्या. संचाच्या पोटात बॅटरी, आणि तो बेसवर ठेवला म्हणजे ती भरते. पहिल्या वेळी रात्रभर संचाला हात लावू नये, असे माहितीपुस्तकात ठळक अक्षरांत छापले होते. ते पुस्तक आप्पांनी चष्मा लावून, पेन्सिलीने खुणा करीत, परीक्षेचे पुस्तक वाचावे तसे वाचले, आणि ती रात्र त्यांनी खरोखरच कोणाला संचाजवळ फिरकू दिले नाही. यंत्राच्या खालच्या अंगाला एक बारीक खटका असतो. केंद्र जुन्या पद्धतीचे असेल तर तो एका बाजूला ठेवायचा, म्हणजे फिरत्या तबकडीप्रमाणे टकटक करीत आकडे जातात. नव्या पद्धतीचे असेल तर दुसऱ्या बाजूला, म्हणजे प्रत्येक आकड्याचा निराळा सूर जातो. हा खटका योग्य जागी आहे की नाही, हे दादाने तीनदा पाहिले.

खरा वाद झाला तो बेसच्या जागेवरून. तो उंचावर असावा. दूरचित्रवाणीच्या संचाजवळ नसावा. फ्रीजवर ठेवू नये. लोखंडी कपाटाशेजारी तर मुळीच नको, असे पुस्तकाचे म्हणणे. आमच्या घरात एवढ्या अटी पाळणारी एकच जागा निघाली : सोप्यातला कोनाडा. म्हणजे टेलिफोन फिरूनफिरून सोप्यातच राहिला. मात्र आता त्याचा आवाज तेवढा घरात हिंडायला मोकळा झाला.

या युक्तीचे मर्म असे की बेस आणि संच ही वस्तुतः दोन चिमुकली रेडिओ केंद्रे असतात. पोलिसांच्या बिनतारी यंत्रावर एकाने बोलून थांबावे तेव्हा दुसऱ्याने बोलावे, असा नियम असतो. टेलिफोनवर तसे चालत नाही. तेथे दोघांनाही एकाच वेळी बोलता आणि ऐकता आले पाहिजे, मधूनच हसता आणि हुंकार देता आला पाहिजे. त्यासाठी जाण्याच्या लहरी निराळ्या आणि येण्याच्या निराळ्या ठेवाव्या लागतात. अशा यंत्राचे पेटंट अमेरिकेत ओहायो प्रांतातील जॉर्ज स्वीगर्ट नावाच्या हौशी रेडिओतज्ज्ञाला १९६९ साली मिळाले. म्हणजे बेलने माणसाच्या आवाजाला दोरीत घातल्यावर तिच्या शेवटच्या दोन-तीन हातांतून त्याला सोडवायला माणसाला ९० वर्षांहून अधिक काळ लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाने मित्राला फोन लावला, आणि ‘ऐकू येतंय का?’ असे विचारीत तो साऱ्या घरातून फिरला. पुस्तकात लांबलचक अंतर छापले होते, पण ते मोकळ्या मैदानातले. आमचे घर जुने, दगडी. भिंती दीड हात जाडीच्या. स्वयंपाकघरात आवाज स्वच्छ होता. परसात तुळशीपर्यंत ठीक. गच्चीकडे जाणाऱ्या जिन्यावर मात्र सातव्या पायरीला खरखर सुरू झाली, आणि गच्चीच्या दारात सगळे संपले. म्हणजे दोरी गेली नव्हती. ती नुसती दिसेनाशी झाली होती. तिची लांबी दोन-तीन हातांवरून जिन्याच्या सहाव्या पायरीपर्यंत वाढली होती, एवढेच. लहरींचेही कालव्यासारखेच असते. टेलला जोर कमी.

ही सहावी पायरी वहिनींनी बरोबर हेरली. तेथवर आवाज नीट येई, आणि तेथून सोपा दिसत नसे. इंदापूरहून फोन आला की त्या संच घेऊन आत जाऊ लागल्या, आणि त्या पायरीवर बसून बोलू लागल्या. बसून, हे मी मुद्दाम लिहितो. पहिल्या काही दिवसांत आईला याचे थोडे नवल वाटले, थोडे वाईटही वाटले असावे. ‘एवढं काय बोलायचं असतं?’ असे ती एकदा म्हणाली. कोणी उत्तर दिले नाही.

उत्तर दीड महिन्याने आले. एका रात्री जेवणे झाल्यावर वहिनी सोप्याच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या आणि आप्पांना म्हणाल्या की त्यांच्या आईचे ऑपरेशन करावे लागणार आहे. गर्भाशयाचा आजार. वर्षभर अंगावर काढला होता. त्या साली पाळी वेळेवर न आल्याने ऊस गेला होता, आणि व्याह्यांपुढे पैशांचा विषय काढायचा नाही असे वडिलांनी घरात बजावले होते. वहिनींना हे कळले ते त्या पायरीवर बसल्यापासून. आपल्या पाटल्या मोडायला दादाची संमती आहे, पण आप्पांना विचारल्याशिवाय त्या मोडायच्या नाहीत, एवढे सांगून त्या थांबल्या. आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “सूनबाई, वर्षभर दर आठवड्याला फोन येत होता. आईची चौकशी तूही करत होतीस. मग हे तेव्हाच का नाही समजलं?”

वहिनी म्हणाल्या, “बोलायला जागाच नव्हती, आप्पा.”

वाचकांनी क्षणभर विचार करून पाहावा. बायकांचा आजार, आणि त्याविषयी विचारायचे कोठे? तर सासरे वर्तमानपत्र वाचीत आहेत, दीर समोर पुस्तक घेऊन बसला आहे, त्या खोलीत उभे राहून! ‘रक्त जातं का?’ हा प्रश्न मुलीने आईला त्या चौरंगाशेजारून कसा विचारावा? ‘आई कशी आहे?’ एवढेच विचारता येण्याजोगे होते, आणि त्याला पलीकडून ‘बरी आहे’ एवढेच उत्तर येण्याजोगे होते. आमच्या घरात दुष्ट कोणीही नव्हते. वहिनींना कोणी बोलायला मना केले नव्हते. दोरी लहान होती, इतकेच. पण माणसाला मुके करायला दुष्टपणाच लागतो असे नाही. खोलीची रचनाही पुरते.

पाटल्या मोडाव्या लागल्या नाहीत. आप्पांनी आपली एक ठेव मोडली. पुण्याला नेऊन ऑपरेशन झाले, आणि वहिनींच्या आई पुढे पुष्कळ वर्षे सुखरूप होत्या. यानंतर आप्पांनी एक नियमच करून टाकला. इंदापूरचा फोन आला की ते स्वतः उठत, कोनाड्यातून संच काढून स्वयंपाकघराच्या दाराशी नेऊन देत, आणि परत येऊन रेडिओचा आवाज थोडा वाढवीत. त्यांना स्वतःला रेडिओ मोठ्याने ऐकायला आवडत नसे.

कोणी म्हणेल, घरातल्या घरात चोरून बोलण्याची सोय झाली, यात एवढे कौतुक कसले? एकत्र कुटुंबात एकाचे दुसऱ्याला कळावे हेच बरे. या आक्षेपात तथ्य नाही असे मी म्हणत नाही. पण आपल्या भाषेत एकांत हा शब्द फार थोर कामांसाठी राखून ठेवलेला दिसतो. एक तर तो साधुसंतांचा, नाही तर प्रेमिकांचा. साध्या संसारी माणसाला, आईशी दोन शब्द मोकळेपणाने बोलण्यापुरता, दहा मिनिटांचा एकांत लागतो याची नोंद कोणी फारशी घेतलेली नाही. पूर्वी तो एकांत विहिरीवर, पाणवठ्यावर, जात्याशी पहाटेच्या अंधारात मिळत असे. नळ घरात आला, पिठाची गिरणी आली, आणि बाईचे कष्ट वाचले. पण त्या कष्टांबरोबर मिळणारा आडोसाही गेला. तो आडोसा काही अंशी परत आला, तो असा एका प्लॅस्टिकच्या यंत्रावाटे, जिन्याच्या सहाव्या पायरीवर. चोरटे बोलणे आणि खासगी बोलणे यांत फरक आहे. चोरट्या बोलण्यात कोण बोलते आहे हेच लपवायचे असते. येथे फोन कोणाचा, किती वेळ चालला, हे साऱ्या घराला ठाऊक असे. शब्द तेवढे तिचे असत.

तेही सर्वस्वी तिचे होते असे नाही म्हणा! त्या काळच्या साध्या कॉर्डलेसला लहरींच्या मोजक्याच वाटा असत, आणि शेजारच्या घरातल्या यंत्राचीही वाट तीच निघाली तर दोन संसारांचे बोलणे एकात एक मिसळे. आमच्या संचात एकदा कोण्या अनोळखी घरातली मानपानाची बोलणी चांगली मिनिटभर ऐकू आली होती. पुढे डेक्ट नावाच्या युरोपीय नियमावलीप्रमाणे बांधलेले संच आले. त्यांत आवाज आकड्यांत मोडून आणि बहुधा सांकेतिक करून पाठवला जातो, म्हणून तो वाटेत कोणाला सहज ऐकता येत नाही. भिंतीने जे द्यायचे ते काम गणिताने पत्करले.

पण विजेपुढे गणिताचे काही चालेना. जुन्या साध्या टेलिफोनला घरातली वीज लागतच नाही, ही गोष्ट कॉर्डलेस येईपर्यंत फारशी कोणाच्या ध्यानातही आली नव्हती. टेलिफोन केंद्रात मोठमोठ्या बॅटऱ्या असतात, आणि सुमारे ४८ व्होल्टचा दाब त्या तांब्याच्या तारेतूनच घरोघर पुरवतात. म्हणून गाव अंधारात असले तरी तो फोन वाजतो. कॉर्डलेसचा बेस मात्र घरच्या विजेवर चालतो. वीज गेली की तो मुका. आणि त्या दशकात आमच्या तालुक्यांतून भारनियमनाचा असा काही सुकाळ होता की वीज येण्याची वेळ लक्षात ठेवणे जाण्याच्या वेळेपेक्षा सोपे पडे. आप्पांनी दूरदृष्टीने जुने यंत्र चौरंगावर तसेच जोडून ठेवले होते. अंधारात ते वाजे. वहिनी कंदिलाच्या उजेडात चौरंगाशेजारी उभ्या राहत, आणि ती जुनी भाषा क्षणात परत येई : ‘हो. बरं. बघते. वीज आली की करते.’ भारनियमनाचे वेळापत्रक त्यांनी स्वयंपाकघरात भिंतीला चिकटवले होते. आम्हाला वाटे, ते मिक्सरसाठी असेल.

पुढे त्यांच्या माहेरीही फोन आला. तो आणखी एक चमत्कार होता. वस्तीवर तार ओढून नेणे परवडत नसल्यामुळे त्या काळी खेड्यांतून तारेऐवजी लहरींनी जोडलेले टेलिफोन देत, त्यांना डब्ल्यू.एल.एल. म्हणत. मद्रासच्या आय.आय.टी.तील अशोक झुनझुनवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर मी वर म्हटलेल्या डेक्टचाच आधार घेऊन, खेड्यांना परवडेल अशी कॉरडेक्ट नावाची पद्धत १९९० नंतरच्या दशकात उभी केली होती. वहिनींच्या माहेरचे यंत्र दिसायला जुन्या टेलिफोनसारखेच, रिसीव्हरला वेटोळ्यांची दोरी. फक्त डोक्यावर एक काडी उभी. म्हणजे पहा, आमच्याकडे तार घरापर्यंत येई आणि घरात दोरी नसे. त्यांच्याकडे घरात दोरी होती आणि बाहेर तार नव्हती. लेकीची पायरी इकडे होती. आई मात्र तिकडे अजून खुंट्याशीच उभी होती. म्हणून आता ‘हो, बरं, बघते’ ही भाषा पलीकडून ऐकू येऊ लागली, आणि ती उकलून घेण्याचे काम वहिनींकडे आले. त्यांना ती चांगलीच येत होती.

यानंतरची हकीकत सर्वांना ठाऊक आहे. २००४ साली देशातील मोबाइलधारकांची संख्या घरगुती टेलिफोनांच्या पुढे गेली, आणि दोरीचा प्रश्नच उरला नाही. ज्याचा त्याचा फोन ज्याच्या त्याच्या खिशात गेला. घरचा टेलिफोन काही संपलेला नाही. तो आता काचतंतूच्या वाटेने येतो, इंटरनेटच्या पेटीला जोडता येतो, आणि हवे तर त्या पेटीला कॉर्डलेसही लावता येतो. फक्त काचेतून वीज वाहत नाही. म्हणून वीज गेली म्हणजे, घरात बॅटरीची सोय नसेल तर, हा घरचा फोनही मुका होतो. अंधारात वाजणारे यंत्र आता फारच थोड्या घरांत उरले आहे.

मोबाइलच्या विरुद्ध तक्रार करण्याचा माझा हेतू नाही. वस्तीवरच्या बाईच्या हाती तो आला, हे चांगलेच झाले. तिला आता ना पायरी शोधावी लागत, ना टपरीतल्या तांबड्या आकड्यांकडे पाहावे लागत. तरीही मला वाटते, त्या मधल्या काही वर्षांत आमच्या घरांना एक माप नेमके साधले होते. सोप्यातल्या टेलिफोनमध्ये सगळेच घराचे होते. माणसाचे काही नव्हते. खिशातल्या टेलिफोनमध्ये सगळेच माणसाचे आहे. घराला त्याचा पत्ताही नाही. माझ्या पुतणीच्या खोलीत रात्री उशिरापर्यंत बोलण्याचा आवाज येतो. वहिनी दारातून विचारतात, “कुणाचा गं फोन?” ती म्हणते, “कुणाचा नाही.” तिचे चुकते असे नाही. पण तिला एखादे दिवशी जड ओझे उचलावे लागले, तर ते घराला कोणत्या पायरीवरून कळेल, हे मला सांगता येत नाही. कॉर्डलेसचा फोन घराला येई. घरातले कोणीतरी तो उचली, इंदापूरची खुशाली विचारी, आणि मग ज्याचा त्याला नेऊन देई. दोन शब्द घराचे होत, बाकीचे माणसाचे. वहिनींना जे कळले ते एकांतात कळले. पण ते घेऊन त्या सोप्यात आल्या, कारण फोन कोठून आला होता हे सोप्याला आधीच माहीत होते.

त्या यंत्राचे आणखी एक वैशिष्ट्य सांगून हा लेख पुरा करतो. संच दिवसभर कोठेही न्यावा. रात्री मात्र तो बेसवर परत ठेवावाच लागे, नाही तर सकाळी त्यात प्राण नसे. आणि तो कोठे विसरला, गाद्यांच्या चळतीत गेला, परसात राहिला, तर बेसवर एक कळ होती. ती दाबली म्हणजे संच असेल तेथून वाजू लागे. या कळीचा उपयोग आमच्याकडे सर्वांत जास्त आप्पा करीत. संध्याकाळी कोनाडा रिकामा दिसला की ते कळ दाबीत, कान देऊन उभे राहत, आणि जिन्यावरून सूर ऐकू आला म्हणजे काही न बोलता आपल्या खुर्चीवर जाऊन बसत.